मॅपच्या नावांची घडी बसवताना : प्रकल्प नोंदी

मॅप म्हणजे संगणकावरच्या खेळातलं खेळायचं मैदान; ते फाइलीत साठवलेलं असतं आणि हौशी खेळाडूही ते बनवतात. या वहीत मॅपची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. प्रत्यक्ष फाइलींवर ती रोमन अक्षरांत असतात.

४ जानेवारी

काल रात्री बारा जण खेळायला जमलो आणि पाऊण तास नुसता आत शिरण्यात गेला. मॅप होता कोथ_दरी_बी२ : कोथ हा खेळाचा प्रकार (मधलं ठिकाण ताब्यात ठेवणं), दरी हे नाव, बी२ ही आवृत्ती. सात जण आत, पाच जण बाहेर. बाहेरच्यांना एकच ओळ दिसत होती : तुमचा मॅप सर्व्हरवरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे. फाइल तर सगळ्यांकडे होती, नाव अक्षरन्‌अक्षर तेच. शेवटी एकाने फाइलींचे आकार ताडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. बी२ दोन आहेत. मधल्या खोलीच्या दारात खेळाडू अडकतात म्हणून बनवणाऱ्याने चौकट थोडी रुंद केली आणि सुधारलेली फाइल जुन्याच नावाने परत दिली.

त्याला दोष द्यावासा वाटत नाही. एवढ्याशा बदलाला नवीन नाव कशाला, असं कुणालाही वाटेल. पण सोर्स इंजिन या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या खेळांमध्ये जोडणी कशी होते ते पाहिलं की अडचण कळते. आपल्याकडे त्या नावाची फाइल नसेल तर गेम ती सर्व्हरवरून उतरवून घेतो. असेल तर घेत नाही. मग आतल्या मजकुराची तपासणी होते आणि तिथे फरक सापडला की दार बंद. नाव तेच म्हणून नवी फाइल येत नाही, आणि मजकूर वेगळा म्हणून जुनी चालत नाही. खेळाडूने जुनी फाइल हाताने पुसल्याशिवाय यातून सुटका नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं.

रात्रीच ठरलं की आता हे काम हातात घ्यायचंच. चौघं आहोत. संग्रह माझ्याकडे, सर्व्हर एका मित्राकडे, तिसरी मैत्रीण सध्या दोन मॅप बनवते आहे, आणि चौथे दादा. क्वेक या जुन्या खेळाच्या काळापासून मॅप बनवत आलेले. आमच्यात तेच थोरले.

९ जानेवारी

नियम करायला बसण्याआधी जुन्या खेळांमध्ये लोकांनी काय केलं ते पाहून घेतलं. इथेच तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या वाया गेल्या असं अजिबात वाटत नाही.

डूम, १९९३. तिथे मॅपला नाव नव्हतं, जागा होती. ई१एम१ म्हणजे पहिल्या भागातला पहिला मॅप. दुसऱ्या डूममध्ये, १९९४ साली, मॅप०१ पासून मॅप३२ पर्यंत सरळ आकडे आले. खेळाडूने बनवलेला मॅप वॅड नावाच्या फाइलीत बसायचा आणि गेममधल्या मूळ मॅपची जागा घ्यायचा. त्यामुळे हौशी लोकांनी केलेले कितीतरी मॅप आतून बघितले तर सगळेच ‘मॅप०१’! त्यांना वेगळं ओळखायचं ते बाहेरच्या फाइलीच्या नावावरून, आणि डॉस या तेव्हाच्या संगणकप्रणालीत त्या नावाला आठ अक्षरं. आतल्या प्रत्येक नोंदीच्या नावालाही आठच. त्या काळच्या वॅडची नावं अशी तुटक, स्वर गिळलेली का दिसतात ते आता कळलं. आठात बसवायचं होतं.

क्वेकमध्ये, १९९६ साली, प्रत्येक मॅप स्वतःची फाइल घेऊन आला. नाव ठेवायला मोकळीक मिळाली. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. मॅपच्या आत ‘मेसेज’ नावाची एक जागा होती आणि त्यात मॅपचं खरं शीर्षक लिहायचं. फाइल डीएम४, शीर्षक ‘द बॅड प्लेस’. यंत्राने हाक मारायचं नाव वेगळं, माणसाने घ्यायचं नाव वेगळं. ही वाटणी इतक्या लवकर झाली होती आणि आपण अजून फाइलीच्या नावातच सगळं कोंबतो आहोत.

अनरिअल टुर्नामेंट, १९९९. इथे नावाच्या सुरुवातीची अक्षरं गेम स्वतः वाचायचा. डीएम- म्हणजे सगळे एकमेकांविरुद्ध, सीटीएफ- म्हणजे झेंडा पळवणं, एएस- म्हणजे चढाई, डीओएम- म्हणजे ठिकाणं ताब्यात ठेवणं. खेळाचा प्रकार निवडला की त्या उपसर्गाचे मॅप यादीत येणार. उपसर्ग चुकला तर मॅप यादीत दिसायचाच नाही. चूक करणाऱ्याला ती पहिल्याच मिनिटाला कळत असणार, त्यामुळे तिथे शिस्त सांगावी लागली नसेल.

स्टारक्राफ्टमध्ये नावाच्या आधी कंसात खेळाडूंची संख्या, ‘(४)लॉस्ट टेंपल’ अशी. एका नजरेत कळतं किती जण लागतील. हे मला फार आवडलं, पण आमच्या फाइलींमध्ये कंस नकोतच, सर्व्हरच्या आज्ञांमध्ये त्रास देतात. संख्या आमच्या मॅपच्या नोंदवहीत जाईल.

१२ जानेवारी

काउंटर-स्ट्राइकवर वेगळी नोंद हवी, कारण उपसर्ग ही गोष्ट खेळाडूंनी स्वतःच्या हातात कशी घेतली ते तिथे दिसतं.

गेमसोबत आलेले उपसर्ग मोजकेच. डीई_ म्हणजे बॉम्ब, सीएस_ म्हणजे ओलीस सोडवणं, एएस_ म्हणजे एका महत्त्वाच्या माणसाला सुखरूप नेणं. डीई_डस्ट१ नाही, नुसतं डीई_डस्ट; आणि २००१ मध्ये आलेला डीई_डस्ट२ हा त्याची सुधारलेली आवृत्ती नव्हे, वेगळाच मॅप आहे. हा मुद्दा वरवर किरकोळ, पण आमच्या नियमात त्याने एक ओळ जागा घेतलीच. शेवटचा आकडा आवृत्तीचा आहे की नावाचा, हे फाइलीकडे बघून कळलं पाहिजे.

मग खेळाडूंचे उपसर्ग. सर्फ_ म्हणजे उतरत्या पट्ट्यांवरून घसरत जायचं. बीहॉप_ म्हणजे सलग उड्या. केझेड_ म्हणजे वर चढत जायचे मॅप, क्रीड्झ या नावावरून आलेलं. एम_ (नेम या अर्थाचा इंग्रजी शब्द) म्हणजे नेमबाजीचा सराव, एडब्ल्यूपी_ म्हणजे त्या नावाची एकच बंदूक. एफवाय_ चं पूर्ण रूप विचारलं तर जुने खेळाडूही एकसारखं उत्तर देत नाहीत, पण एफवाय_ म्हटलं की छोटं मैदान, जमिनीवर पडलेल्या बंदुका आणि समोरासमोर गाठ, हे कुणाला सांगावं लागत नाही. अक्षरांचा अर्थ विस्मरणात गेला तरी शब्द चालतोच. रोजच्या बोलण्यातल्या कितीतरी शब्दांचं असंच आहे.

इथे खेळ कसा चालणार हे मुख्यतः मॅपमध्ये काय ठेवलंय त्यावर ठरतं. बॉम्ब लावायची जागा आखली असेल तर बॉम्बचा खेळ. म्हणजे उपसर्ग यंत्रापेक्षा माणसासाठी जास्त आहे, आणि तरीही लोकांनी तो इतकी वर्षं पाळला. कुणी सक्ती केली नव्हती. यादीत आपला मॅप बरोबर माणसांना सापडावा एवढंच हवं होतं.

ठरलं : उपसर्ग आपण शोधायचे नाहीत. ज्या गेमचा मॅप, त्या गेमच्या खेळाडूंमध्ये रुळलेला उपसर्ग. नवा लागलाच तर चौघांनी बोलून.

१३ जानेवारी

मैत्रिणीचा प्रश्न : दोन प्रकारे खेळता येणारा मॅप असेल तर? उत्तर : दोन फाइली, दोन नावं. पुढे.

१७ जानेवारी

आज आवृत्त्यांवर बोललो आणि रात्रीचे दोन वाजले.

टीम फोर्ट्रेस २ च्या मॅपरांमध्ये, म्हणजे मॅप बनवणाऱ्यांमध्ये, एक छान पद्धत रुळलेली आहे. ए म्हणजे अल्फा, नुसत्या करड्या भिंती, खेळ जमतोय का ते बघायचं. बी म्हणजे बीटा, मांडणी ठरली, आता सजावट. आरसी म्हणजे जवळजवळ झालंय, कुणाला काही खटकलं तर सांगा. ए१, ए२, बी१, बी२, आरसी१. खेळाडूला नाव वाचूनच कळतं की आपण काय बघायला चाललोय. अल्फामध्ये भिंतीला रंग नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही.

गाडी अडते ती ‘फायनल’वर. स्पर्धांमध्ये गाजलेल्या सीपी_गलीवॉशच्या फाइलीचं नाव सीपी_गलीवॉश_फायनल१. कोथ_प्रॉडक्ट कितीतरी काळ आरसी८ या नावानेच खेळला गेला. स्पर्धेच्या मंडळींच्या तोंडी ‘आरसी८’ हे त्या मॅपचं नावच झालं होतं. मॅप खेळला जातोय तोवर त्यात काहीतरी सापडत राहतं. कुठेतरी कठड्यावर चढता येतं, कुठेतरी भिंतीपलीकडून गोळी लागते. खेळणारे वाढले की कोपरेही जास्त धुंडाळले जातात, म्हणून गाजलेल्या मॅपमध्येच जास्त सापडतं.

मी म्हटलं, फायनल हा शब्दच काढून टाकू. सर्व्हरवाला मित्र म्हणाला, मग लोकांना कळणार कसं की झालं आहे? दादांनी तोड काढली. आरसीनंतर व्ही. व्ही०१, व्ही०२. झालेल्या मॅपलाही आकडा असतो, एवढंच.

आणि आकडे दोन अंकी. संगणक अक्षरांप्रमाणे क्रम लावतो तेव्हा बी१० हा बी२ च्या आधी येतो. मागच्या वर्षी एका खेळाच्या रात्री मी यादीतला शेवटचा म्हणून बी९ लावला होता आणि बी११ वर बसलेलं होतं. ज्याने दोन आठवडे खपून त्या आवृत्त्या केल्या तो समोर खेळत होता. काही बोलला नाही तो. मला अजून लागून राहिलं आहे.

आजचा मुख्य नियम, वहीत मोठ्या अक्षरांत : एकदा दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली फाइल बदलली, तर नाव बदललंच पाहिजे. बदल एका दाराच्या चौकटीएवढा असला तरी.

२१ जानेवारी

दोन टोकांची दोन उदाहरणं मैत्रिणीने काढली, ती इथे नोंदवून ठेवते.

स्टीम वर्कशॉप, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या वस्तू वाटण्याची ऑनलाइन जागा, २०११ मध्ये सुरू झालं. तिथे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. बनवणारा फाइल बदलतो, क्रमांक तोच राहतो, आणि खेळाडूकडे नवी फाइल आपोआप पोचते. खेळणाऱ्याची सोय उत्तम. पण तीन महिन्यांपूर्वी आपण जो मॅप खेळलो तो कुठे गेला, याला उत्तर नाही.

सुपर मारिओ मेकर, २०१५, आणि त्याचा दुसरा भाग, २०१९. तिथे कोर्स, म्हणजे आमच्या भाषेत मॅप, चढवला की संकेत मिळतो. पहिल्या भागात तो १६ चिन्हांचा असायचा (तिथे चढवणं २०२१ मध्ये बंद झालं), दुसऱ्यात ९ चिन्हांचा असतो. चढवलेल्या कोर्सची मांडणी नंतर बदलता येत नाही. बदल करायचा तर पुन्हा चढवा, नवा संकेत घ्या. म्हणजे एक संकेत, एक कोर्स. आम्हाला हवं तेच. फक्त त्या नऊ चिन्हांकडे बघून आत काय आहे ते काडीमात्र कळत नाही.

आम्हाला दोन्ही हवं आहे. वाचता येणारं नाव, आणि त्यामागे न हलणारी फाइल.

२५ जानेवारी

आज मी केलेली चूक सविस्तर लिहिते, कारण तिच्यामुळे प्रकल्पाची दिशा बदलली.

माझी कल्पना अशी होती की नियम ठरले की संग्रहातल्या सगळ्या जुन्या मॅपना नव्या पद्धतीची नावं द्यायची. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, रात्री चालवायचा, सकाळी सगळी कपाटं लागलेली. चाचणीसाठी एक जुना मॅप घेतला. त्याच्या नावात तीन अंडरस्कोअर, एक कॅपिटल अक्षर आणि ‘फिक्स्ड’ असा शब्द. नाव नीट केलं आणि मॅप उघडला.

मधल्या इमारतीत एक लांब काच आहे. तिच्यात पलीकडच्या टेकडीचं प्रतिबिंब पडतं आणि धावताना डोळ्याच्या कोपऱ्यातून शत्रू आल्यासारखा भास होतो. तो मॅप लोकांच्या लक्षात राहिला तो त्या काचेमुळे. आज तिथे जांभळे-काळे चौकोन होते. काचेत, खालच्या चकाकत्या फरशीत, दाराच्या पितळी मुठीवरसुद्धा.

कारण असं. सोर्स इंजिनमध्ये प्रतिबिंबांची चित्रं आधीच काढून मॅपच्याच फाइलीत ठेवलेली असतात, आणि ज्या फोल्डरात ती असतात त्याला मॅपचं नाव असतं. गेम ती शोधतो चालू मॅपच्या नावाने. मी बाहेरचं नाव बदललं, आतलं फोल्डर जुन्या नावाचंच राहिलं. गेम नव्या नावाच्या फोल्डरात शोधत राहिला आणि तिथे काहीच नव्हतं.

एवढ्यावर थांबलं नाही. बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, जागच्या जागी उभे. त्यांना चालायच्या वाटा सांगणारी नॅव्ह फाइल मॅपच्याच नावाची असावी लागते. पार्श्वभूमीचा आवाज गेला, कारण साउंडस्केपची फाइलही मॅपच्या नावाने शोधली जाते. काही खास परिणामांची यादी असते तिच्या नावातही मॅपचं नाव. मला नाव म्हणजे वरची चिठ्ठी वाटत होती. ती चिठ्ठी नव्हे. नावाला धरून आख्खं कुटुंब उभं असतं, आणि मी घरातल्या एकाचंच आडनाव बदललं होतं.

आतली नावंही बदलून देणारी साधनं आहेत. वापरली तर हे सगळं ठीक होईल. पण तेव्हा फाइलीचा मजकूर बदलेल, म्हणजे जगात कुठेतरी त्या मॅपची मूळ फाइल असलेल्या माणसाशी आमची फाइल जुळणार नाही. चार जानेवारीला ज्याचा त्रास झाला तेच मी शेकडो मॅपना करायला निघाले होते.

प्रोग्राम पुसला नाही, पण बाजूला ठेवला.

२६ जानेवारी

दादांशी बोलले.

“दादा, तुमच्या त्या पहिल्या मॅपच्या नावात स्पेलिंग चुकलंय. ते तरी नीट करू का?”

“कुठलं, ते ‘फॉरट्रेस’? मला माहीतेय चुकलंय. दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बदललंत?”

“तोवर गेला होता ना तो लोकांकडे. एकाने तर माझ्या चुकीच्या स्पेलिंगनेच मित्राला पत्ता सांगितला होता. आता बदललं तर त्या मित्राला काय सापडणार?” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि हे बघ, तुला यादी नीट हवी ना? यादी तू लिही. तुझ्या यादीत माझ्या मॅपपुढे काय हवं ते लिही. मॅपला हात कशाला लावतेस?”

दोन आठवडे मी ज्याच्याभोवती घुटमळत होते ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. नियम नव्या मॅपसाठी. जुन्यांसाठी नोंदवही.

१ फेब्रुवारी

अक्षरांचे नियम. फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. मोकळी जागा नाही, बिंदू नाही.

लहान अक्षरांचं कारण सर्व्हरवाल्या मित्राने दाखवलं. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. घरी विंडोजवर सगळं सुरळीत चालतं, लिनक्स सर्व्हरवर चढवलं की फाइल सापडत नाही. फोटोसारख्या हुबेहूब दोन नावांकडे माणूस अर्धा तास बघत बसतो.

मैत्रिणीला नाव देवनागरीत हवं होतं, आणि मलाही मनातून हवं होतं. ‘दऱ्याखोरी’ हे त्या दरीच्या मॅपचं खरं शीर्षक, किती नेमकं आहे! म्हणून करून पाहिलं. आणि ‘ऱ’पाशी गाडं अडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे मजकूर. मॅकच्या जुन्या फाइलपद्धतीत असं अक्षर तुकडे करूनच साठवलं जायचं. एका यंत्रावर टाइप केलेलं ‘दऱ्याखोरी’ दुसऱ्या यंत्रावर शोधलं तर सापडेलच असं नाही. मी स्वतः दोन फाइली बनवल्या, एकाच फोल्डरात ठेवल्या, आणि एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या पाहिल्या.

तेव्हा फाइल रोमनमध्ये, शीर्षक कुठल्याही लिपीत. क्वेकवाल्यांची १९९६ ची वाटणी आम्ही तशीच उचलली. नोंदवहीत शीर्षकाचा रकाना पहिला असेल, फाइलीचा दुसरा. हा क्रम माझ्या हट्टाने ठेवला आहे.

लांबी : सगळं मिळून २८ अक्षरं. आमच्या सर्व्हरच्या यादीत त्यापुढचं कापलं जातं, आणि कापलं जातं ते शेवटून, म्हणजे नेमकी आवृत्ती.

५ फेब्रुवारी

बनवणाऱ्याचं टोपणनाव फाइलीत असावं का? क्वेकमध्ये होती ती रीत. झेडटीएनडीएम३ हा त्यातला नावाजलेला, शीर्षक ‘ब्लड रन’. तोच मॅप क्वेक ३ मध्ये आला तेव्हा झेडटीएन३टुर्नी१ झाला, क्वेक लाइव्हमध्ये नुसता ब्लडरन. तीन फाइली, तीन नावं, आणि खेळाडू मात्र सगळीकडे ब्लड रनच म्हणतात.

एकाच शब्दाचे मॅप दोघांकडून येतात तेव्हा टोपणनावाने गोंधळ मिटतो, हे खरं. पण २८ अक्षरांत जागा नाही. सक्ती नको. आधी नोंदवही पाहा, नाव घेतलेलं असेल तर दुसरा शब्द शोधा किंवा टोपणनाव जोडा. आधी आलेल्याचा मान आधी.

९ फेब्रुवारी

आजचा विषय नाजूक. दुसऱ्याच्या मॅपमध्ये बदल करणारे.

गेल्या वर्षी आमच्याच गटात हे घडलं. एका मॅपचा बी३ चालू होता. बनवणारा परीक्षेत अडकलेला. दुसऱ्या कुणीतरी त्यातला एक अडथळा काढला आणि बी४ म्हणून दिला. महिन्याने मूळ बनवणारा परत आला, त्याच्याकडे त्याचा स्वतःचा बी४ तयार. लोकांनी त्याला विचारलं, बी४ तर आहे, तू हा कुठला आणलास? त्यानंतर त्याने तो मॅप सोडून दिला. मला त्याचा पुढचा भाग बघायचा होता. तो आता कधीच बघायला मिळणार नाही.

क्वेक ३ मध्ये प्रो-क्यू३डीएम६ असं नाव आढळतं. मूळ क्यू३डीएम६ नावात शाबूत, आणि त्याच्या आधी ‘प्रो’ लावून सांगितलं की हा स्पर्धेसाठी बदललेला आहे. टीम फोर्ट्रेस २ मध्ये हेच _प्रो शेवटी लागतं. किती सरळ आहे! कुणाचा मॅप ते कळतं, बदललाय ते कळतं, आणि मूळ माणसाचा पुढचा आकडा त्याच्यासाठी मोकळा राहतो.

नियम : दुसऱ्याच्या मॅपचा पुढचा आकडा घ्यायचा नाही. मूळ नाव आणि आवृत्ती जशीच्या तशी, त्यानंतर आपलं टोपणनाव आणि आपला स्वतःचा आकडा. आणि आधी विचारायचं. डूमच्या आयडीगेम्स संग्रहात वॅडसोबत एक मजकूर फाइल द्यावी लागते, ठराविक रकान्यांची : शीर्षक, बनवणारा, वापरलेलं साधन, माहीत असलेले दोष. त्यातच एक रकाना असतो की या मॅपवर इतरांनी पुढे काम करावं की करू नये. हा रकाना आम्ही तसाच घेतला. बनवतानाच उत्तर लिहून ठेवलं की नंतर शोधाशोध नको.

११ फेब्रुवारी

वॉरक्राफ्ट ३ मधला डोटा हा मॅप आठवला. ६.४८बी सारख्या आवृत्त्या. मोठ्या बदलाला आकडा, डागडुजीला अक्षर. आम्हालाही अक्षर ठेवावं का यावर चर्चा. नको ठरलं. ‘हा बदल छोटा आहे’ असं ज्याला वाटलं त्यानेच तर दरीच्या मॅपचं दार रुंद केलं होतं.

१६ फेब्रुवारी

नोंदवहीचा सांगाडा तयार. शीर्षक, फाइल, गेम, बनवणारा, दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, खेळाडू किती, कशावरून बनवला, परवानगी, आणि शेवटी फाइलीचा ठसा. ठसा म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेली ६४ चिन्हांची ओळ. फाइलीतला एक बिट बदलला तरी सगळी ओळ बदलते. नाव खोटं सांगू शकतं, ठशाला ते जमत नाही.

ठसे काढायला लागले आणि पहिल्याच संध्याकाळी दोन्ही प्रकार सापडले. एकच मॅप तीन वेगळ्या नावांनी, ठसा एकच. आणि एकाच नावाच्या दोन फाइली, ठसे वेगळे. त्यातली एक जोडी कोथ_दरी_बी२ ची होतीच, पण आणखीही होत्या, ज्यांचा पत्ताच नव्हता. त्यातल्या कुठली आधीची, कुठली नंतरची हे सोर्सच्या मॅपमध्ये एका जागी कळतं : फाइलीच्या सुरुवातीच्या भागात एक आकडा असतो, मॅप संपादकात किती वेळा जतन झाला तो. दोन्ही दऱ्यांमध्ये तो पाहिला. दुसरीचा आकडा तीनने जास्त. म्हणजे दार रुंद करून त्याने तीनदाच जतन केलं होतं.

२२ फेब्रुवारी

मसुदा सगळ्यांना दिला. एका पानात बसवला. उपसर्ग, नाव, टप्पा आणि दोन अंकी आकडा, मध्ये अंडरस्कोअर, जसं कोथ_दरी_बी०३. नवीन मॅपरला एवढंच लक्षात ठेवायचं आहे. बाकीचं आम्ही विचारू.

एक आक्षेप आला आणि तो रास्त आहे. अल्फाच्या दिवसांत माणूस एका रात्रीत चार वेळा फाइल बदलतो, मित्राला देतो, परत बदलतो. दर वेळी नवा आकडा? मी म्हटलं हो, ए२७ पर्यंत गेलं तरी बिघडत नाही. मैत्रीण म्हणाली, लोकांना ए२७ बघून वाटेल की मॅप रखडलाय. दादा म्हणाले, ज्याला मॅप बनवणं काय असतं ते माहीत आहे त्याला ए२७ बघून मान वाटेल. यावर एकमत झालेलं नाही. आकडा वाढवण्याचा नियम मात्र राहिला.

१ मार्च

दरीचा मॅप बनवणाऱ्याला आज नोंदवहीतल्या त्याच्या दोन ओळी दाखवल्या. नाव एकच, दिनांक वेगळे, ठसे वेगळे. पहिलीपुढे ‘अरुंद दार’, दुसरीपुढे ‘रुंद दार’ एवढा शेरा. आम्ही कुठल्याच फाइलीचं नाव बदललेलं नाही, सर्व्हरवर फक्त दुसरी ठेवली आहे.

तो बराच वेळ बघत होता. मग विचारलं, “पहिली अजून आहे तुमच्याकडे? माझ्याकडची मी पुसली होती.”

पाठवली त्याला.

८ मार्च

काल रात्री कोथ_दरी_बी०३ लावला. चौदा जण. सगळ्यांकडे नवीन फाइल उतरली, कारण या नावाचं कुणाकडे काहीच नव्हतं. दोन मिनिटांत सगळे आत. दार आता आणखी थोडं रुंद आहे आणि वर एक दगडी पट्टी आली आहे. दादांनी तिच्यावर चढून दाखवलं की तिथून पलीकडचा तळ दिसतो. बनवणाऱ्याने खेळ संपायच्या आतच लिहून घेतलं.

आज सकाळी त्याची फाइल आली. कोथ_दरी_बी०४. नोंदवहीत ओळ घातली.